सेल्फ रिडेव्हलपमेंटसाठी स्वतंत्र साइट इंजिनिअर ठेवला होता, त्याचा रिव्ह्यू (मुलुंड पूर्व, २८ महिने)

पाचपैकी चार स्टार देतेय. एक स्टार का कापला तेही लिहिलंय, पण ते खाली.

हा इंजिनिअर ज्या फर्मने दिला तिचं नाव टाकत नाहीये. कॉन्ट्रॅक्टरच्या फायनल बिलाचा वाद अजून मिटलेला नाही, त्यात यांचेच रिपोर्ट आम्ही पुरावा म्हणून लावलेत आणि आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलंय की तोवर कुणाचंच नाव कुठे लिहू नका. पण सेवा काय होती, पैसे किती गेले आणि त्यातून काय मिळालं हे मला लिहायचंच आहे, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा असं नीट लिहिलेलं काहीच सापडत नव्हतं, जो तो फक्त किती कार्पेट एरिया वाढला तेवढंच सांगायचा.

मी सोसायटीची खजिनदार. आमची जुनी बिल्डिंग १९७८ ची, तळ अधिक तीन, २८ घरं. २०१८ च्या पावसात पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या किचनमध्ये ओट्यावर स्लॅबचा मोठा पोपडा पडला, आतली सळी गंजून पापुद्रे सुटलेले दिसत होते, काकू कुकर लावून देवासमोर दिवा लावायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर वर्षभर बिल्डर आले गेले, कुणाची ऑफर पटेना, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने सेल्फ रिडेव्हलपमेंटचा जीआर काढला तेव्हा आमच्यातल्या दोघातिघांनी धरूनच ठेवलं की बिल्डर न घेता आपणच करायचं. कर्ज, टेंडर, महापालिकेची कामं हा सगळा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. बांधकाम २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालं. आता स्टिल्ट अधिक ११ मजले, आमची २८ घरं आणि विकायची १६.

सहकार कायद्यातल्या ७९अ च्या नियमाप्रमाणे पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमावाच लागतो, तो आम्ही नेमला. आर्किटेक्ट होते, आरसीसी कन्सल्टंट (सळी-काँक्रीटचं डिझाइन करणारे) होते, शिवाय महापालिकेच्या कागदावर ज्यांची सही लागते ते लायसनवाले साइट सुपरवायझर होते. त्यामुळे जनरल बॉडीत मी जेव्हा म्हटलं की आपल्याला स्वतःचा एक पूर्णवेळ इंजिनिअर साइटवर पाहिजे तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की अहो चार चार माणसं आहेत, पाचवा कशाला? प्रश्न बरोबरच होता. म्हणून मी पुढच्या मीटिंगला सगळ्यांची अपॉइंटमेंट लेटर घेऊन गेले आणि कोण किती वेळा साइटवर येणार आहे तेवढंच वाचून दाखवलं. आर्किटेक्ट गरजेप्रमाणे. आरसीसीवाले स्लॅबच्या आधी सळी चेक करायला. पीएमसी आठवड्यातून एकदा, शिवाय बिल सर्टिफाय करायला. सुपरवायझर साहेबांच्या कागदात व्हिजिटचा उल्लेखच नव्हता आणि अख्ख्या कामात मी त्यांना साइटवर दोनदा बघितलं. म्हणजे वीस कोटींच्या आसपासचं काम, त्यात आमच्या बाजूचा एकही माणूस रोज तिथे उभा राहणार नव्हता. काँक्रीट ओतताना जे होतं ते त्या चार तासात होतं, आठवड्याने येणाऱ्याला फक्त वरून गुळगुळीत दिसतं.

खर्च सांगते. महिन्याला १ लाख २० हजार, २८ महिने, म्हणजे ३३ लाख ६० हजार. यात एक सिनिअर इंजिनिअर सोमवार ते शनिवार साइटवर, फर्मच्या मुख्य सरांची महिन्यात दोनदा व्हिजिट, रोजचा रिपोर्ट आणि टेंडर फायनल व्हायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वाचून त्यावर शेरे. एकूण कामाच्या दीड-पावणेदोन टक्के. भागलं तर घरटी लाखाच्या वर जातात, लोकांना वाटलं एवढ्यात मॉड्युलर किचन होईल, आणि ज्यांचं घर भाड्यावर आणि पेन्शनवर चाललेलं त्यांना ते वाटणारच, मी कुणाला दोष देत नाही. ठराव थोडक्यात पास झाला.

आता खरं काय मिळालं. सगळ्यात मोठी गोष्ट तर पहिली वीट लागायच्या आधीच मिळाली, त्या कॉन्ट्रॅक्टवरच्या शेऱ्यांमध्ये. १६ सेल फ्लॅट असल्यामुळे प्रोजेक्ट महारेरात रजिस्टर करावा लागला आणि तिथे प्रमोटर म्हणून नाव कुणाचं, तर सोसायटीचं. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत स्ट्रक्चरल किंवा कामाच्या क्वालिटीचा दोष निघाला आणि घेणाऱ्याने कळवलं तर प्रमोटरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर नुकसानभरपाई. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या ड्राफ्टमध्ये डिफेक्ट लायबिलिटी होती १२ महिने! म्हणजे तेराव्या महिन्यात कुणा फ्लॅटवाल्याच्या भिंतीला ओल आली की त्याची जबाबदारी आपल्यावर, आणि कॉन्ट्रॅक्टर मोकळा. उरलेली चार वर्षं २८ मेंबरांनी खिशातून भरायची. हे आम्हाला पीएमसीने सांगितलं नव्हतं, वकिलांच्याही नजरेतून सुटलं होतं. या फर्मच्या सरांनी लाल पेनाने त्या १२ वर गोल केला आणि बाजूला फक्त ‘६०’ लिहिलं, तो कागद माझ्याकडे अजून आहे.

त्यावर दीड महिना घासाघीस झाली. शेवटी ५ वर्षं मान्य झाली, वॉटरप्रूफिंगला १० वर्षांची लेखी गॅरंटी, आणि प्रत्येक आरए बिलातून (काम चालू असतानाच्या बिलातून) ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, कापायचं, त्यातलं निम्मं ओसी (राहायला जायची महापालिकेची परवानगी) मिळाल्यावर सोडायचं आणि निम्मं आमच्याकडे ठेवायचं. कॉन्ट्रॅक्टरने त्यासाठी रेट थोडा वाढवून घेतला, तो आम्ही दिला. ज्या कुठल्या सोसायट्या सेल्फच्या विचारात आहेत त्यांनी बाकी काही वाचू नका पण हे एक कलम आणि आपला ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवून बघा, कारण बिल्डर असला की भांडायला समोर कुणीतरी असतो, इथे बिल्डर आपणच आहोत.

साइटवरचे इंजिनिअर. वय साठीच्या आसपास, सरकारी खात्यातून रिटायर झालेले, स्कूटरवर यायचे, डब्यात कायम दशम्या. पहिल्या दिवशी त्यांनी मुकादमाला आणि सेंट्रिंगवाल्याला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की काही चुकलं तर मला आधी सांगा, मी ओरडणार नाही, पण झाकलं तर अख्खं तोडायला लावीन. आणि तसंच वागले.

तिसऱ्या स्लॅबचा दिवस मला पाठ आहे कारण मी सुट्टी काढून गेले होते. सकाळपासून आरएमसीचे (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटचे) मिक्सर येत होते, एकात सहा क्यूबिक मीटर, पंप चालू, वर व्हायब्रेटरचा आवाज, सगळं मस्त. पावणेएकला एक मिक्सर आला तो हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकून. गेटवर ड्रायव्हर उतरला आणि ड्रमला पाइप लावून पाणी मारायला लागला. मला वाटलं धुतोय. इंजिनिअर वरून खाली आले, साठीचा माणूस पण परांचीवरून धावतच, पाइप हातातून घेतला आणि चलन मागितलं. चलनावर बॅचिंगची वेळ दहा दहाची. काँक्रीट मिक्सरमध्ये भरल्यापासून दोन तासात खाली व्हायला पाहिजे असा आयएस कोड आहे, इथे दोन तास चाळीस मिनिटं होऊन गेलेली. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला सर रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणूनचं औषध) टाकलंय. इंजिनिअर म्हणाले दाखव चलनावर कुठे लिहिलंय, नव्हतं लिहिलेलं. तरी त्यांनी न्यायाने वागायचं म्हणून काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा पत्र्याचा कोन आणायला लावला, माझ्यासमोर थर भरून सळीने पंचवीस पंचवीस वेळा ठोकून कोन वर उचलला तर काँक्रीट उभं राहायचं सोडून पत्र्यावर पिठल्यासारखं पसरलं. ठरलेला स्लम्प, म्हणजे कोन उचलल्यावर काँक्रीट किती खाली बसतं ते माप, १२० ते १५० मिलिमीटर होता. मिक्सर परत पाठवला. कॉन्ट्रॅक्टर फोनवर चेअरमन काकांवर एवढा ओरडला की काका घाबरून मला म्हणाले जाऊ दे ना एकच तर गाडी आहे. ती एक गाडी म्हणजे आमच्या एका अख्ख्या बेडरूमचा आणि पॅसेजचा स्लॅब असता.

नंतर त्यांनीच समजावलं की पाणी वाढवलं की काँक्रीट ओतायला सोपं जातं, मजूर खूश, पंप खूश, पण ताकद जाते आणि पुढे तेच पाणी उडून गेलं की बारीक छिद्रं राहतात, त्यातून ओल सळीपर्यंत पोचते. काकूंच्या किचनमध्ये जे झालं ते तिथूनच सुरू होतं, फक्त दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात.

कॉलमचा किस्सा. स्टिल्टमधल्या मागच्या बाजूच्या एका कॉलमची फळी काढली तर खाली वीतभर भागात खडी उघडी पडलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखी, व्हायब्रेटर खालपर्यंत गेलाच नव्हता. इंजिनिअरनी संध्याकाळी खडूने गोल करून फोटो काढला. सकाळी येऊन बघतात तर जागा एकदम गुळगुळीत, रात्रीत कुणीतरी सिमेंटचा घोळ मारून टाकला होता, वर गोणपाट गुंडाळून पाणी पण मारलेलं, म्हणजे क्युरिंग चालू आहे असं वाटावं. त्यांनी हातोडीची टोकाची बाजू घेतली आणि दोन ठोके मारले, पापडासारखी खपली पडली आणि आतून बोटभर पोकळी. मी ती खपली घरी आणली होती, दोन मिलिमीटर असेल जाडी. एनसीआर (काम ठरल्याप्रमाणे नाही अशी लेखी नोंद) काढला, कॉलमवरचं पुढचं काम थांबवलं, आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी मेथड मागवली, सगळा सैल भाग सळीच्या मागेपर्यंत फोडून, घासून धुऊन, नवीन पेटी लावून मायक्रो काँक्रीटने भरला. खर्च कॉन्ट्रॅक्टरचा. पीएमसीची त्या आठवड्याची व्हिजिट गुरुवारी होती, हे सगळं सोमवार-मंगळवारचं. गुरुवारी त्यांना छान गुळगुळीत कॉलम दिसला असता.

क्यूबच्या बाबतीत ते फारच कडक होते. १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघतात हे आता मला झोपेतही सांगता येईल. ते ओल्या क्यूबवर स्वतः खिळ्याने सही आणि तारीख कोरायचे, कारण बरेचदा चांगल्या बॅचचे क्यूब वेगळे भरून तेच लॅबला जातात म्हणे. आणि टेस्ट आरएमसीवाल्याच्या लॅबमध्ये नाही तर आम्ही पैसे देतो त्या बाहेरच्या लॅबमध्ये. चौथ्या स्लॅबचा एक सेट २८ दिवसांनी २४.८ आला, काँक्रीट होतं एम ३०, म्हणजे ताकद ३० हवी. त्या रात्री मला झोप लागली नाही. ११ दिवस वरचं काम बंद, आधी हॅमर टेस्ट, मग त्या भागातून तीन कोअर (स्लॅबमधून कापलेले गोल नमुने) काढले. कोडप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के पाहिजे आणि एकही ७५ च्या खाली नको, आमची सरासरी ९० आली. स्लॅब वाचला. ११ दिवसांचं भाडं गेलं, मेंबर चिडले, ग्रुपवर मला काय काय ऐकवलं ते सोडा. पण तो रिपोर्ट आज फाइलमध्ये आहे आणि सेल फ्लॅट घेणाऱ्या दोघांनी बुकिंगच्या आधी तीच फाइल मागितली होती.

बाकी रिंगांचे हुक ९० ऐवजी १३५ अंशात वळवून घेणं, बीमखालचे टेकू १४ दिवसांच्या आत हलवू न देणं, क्युरिंगचं रजिस्टर, हे सगळं रोजचं, त्यावर वेगळं लिहीत बसत नाही. बाथरूमचं मात्र सांगते. ४४ घरं, प्रत्येकी दोन, म्हणजे ८८ बाथरूम, टाइल्सच्या आधी प्रत्येकात पाणी भरून ७२ तास ठेवलं, भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारून बाजूला तारीख, आणि खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचं. ११ ठिकाणी ओल उतरली. चौथ्या मजल्यावरच्या एका बाथरूमचा कोबा तर तीनदा काढून घातला, नहाणी ट्रॅपच्या कडेनेच पाणी जात होतं. हे टाइल्स लागल्यावर कळलं असतं तर वरच्याने खालच्याला बोल लावायचा आणि दहा वर्षं सोसायटीत दोन घरं एकमेकांशी बोलली नसती, जुन्या बिल्डिंगमध्ये आमच्याकडे असं झालेलं आहे.

आता एक स्टार का कापला.

पहिलं म्हणजे हे लोक सिव्हिलवाले. प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकमध्ये त्यांचं लक्ष कमी आणि करारात ‘सर्व कामांचं सुपरव्हिजन’ असं मोघम लिहिलेलं. भिंतीच्या आतल्या पाइपांची प्रेशर टेस्ट काही घरांची झालीच नाही, रजिस्टरमध्ये तीन फ्लॅटचे रकाने कोरे आहेत आणि बरोबर त्यातल्याच दोन घरात राहायला आल्यावर महिन्याभरात टाइल्समधून पाणी आलं. आधी रजिस्टर आम्ही पण बघायला हवं होतं, पण पैसे आम्ही त्यासाठीच देत होतो.

दुसरं, सिनिअर इंजिनिअर त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी १५ दिवस सुट्टीवर गेले तेव्हा फर्मने बदली म्हणून एक अगदी नवीन मुलगा पाठवला, बिचारा चांगला होता पण कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी त्याला गुंडाळून ठेवला. नववा स्लॅब त्याच काळात झाला आणि पेट्या काढल्यावर एका खोलीच्या छताला सळ्यांच्या रेघा दिसायला लागल्या, खाली कव्हर ब्लॉक (सळी पेटीला टेकू नये म्हणून लावायचे ठोकळे) नीट लावलेच नव्हते, २० मिलिमीटर कव्हर हवं तिथे सळी जवळजवळ बाहेर. पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त केलंय, तरी त्या घरातल्या ताईंच्या मनातून ते जात नाही आणि मला त्यांच्यासमोर उभं राहताना वाईट वाटतं. बदलीचा माणूस किमान किती वर्षं अनुभवाचा असेल हे करारात घाला, आणि मुख्य इंजिनिअर सुट्टीवर असताना स्लॅब नाही हे पण घाला.

तिसरं, रिपोर्ट. रोज रात्री पीडीएफ यायची, पूर्ण इंग्लिश, सगळे शॉर्टफॉर्म. २८ पैकी २४ जण उघडतही नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी दर शनिवारी साइटवर अर्धा तास मराठीत तोंडी सांगायला सुरुवात केली, ते मात्र फार उपयोगाचं झालं, आजोबा लोक छत्र्या घेऊन यायचे. पण ते पहिल्या आठ महिन्यांनंतर.

आणि एक सूचना, जी त्यांच्यामुळेच कळली. या माणसाचा पगार सोसायटीच्या खात्यातून थेट गेला पाहिजे. आम्हाला आधी कॉन्ट्रॅक्टरने सुचवलं होतं की टेंडरमध्येच ही रक्कम धरा, आम्ही देऊ, तुम्हाला चेक काढायचा त्रास नको. तसं करू नका. पीएमसीनेही सुरुवातीला नाक मुरडलं, त्यांना वाटलं आपल्यावर पहारा बसवला, पण नंतर त्यांचंच काम सोपं झालं कारण बिल तपासताना मोजमापं तयार मिळायची. दोन आरए बिलांमध्ये प्लास्टरचं आणि ब्लॉकचं माप जास्त लावलेलं पकडलं गेलं, ते आकडे वादात असल्यामुळे इथे लिहीत नाही.

पझेशन २०२४ च्या मे मध्ये झालं. पहिल्याच पावसात मी आणि चेअरमन काका प्रत्येक मजल्यावर टॉर्च घेऊन फिरलो होतो, स्नॅग लिस्ट (राहिलेल्या त्रुटींची यादी) केली, ६३ मुद्दे निघाले, त्यातले ५१ कॉन्ट्रॅक्टरने करून दिले. काही मुद्द्यांवर तो पत्रांना उत्तर देत नाही, त्यासाठी रिटेन्शनमधून खर्च करायचा अधिकार करारात आहे, आधी नोटीस द्यायची, मुदत संपली की दुसऱ्याकडून करून घ्यायचं. फर्मचा करार संपलाय तरी इंजिनिअर साहेब दोनदा येऊन बघून गेले, पैसे घेतले नाहीत, काकूंनी त्यांना नवीन किचनमध्ये बसवून थालीपीठ खायला घातलं.

पोडियमचा उतार तेवढा अजून राहिलाय, मागच्या कोपऱ्यात ड्रेनच्या उलट बाजूला पाणी साचतं. दुसऱ्या माणसाचं कोटेशन आलंय, नोटिशीची मुदत पुढच्या बुधवारी संपतेय, आणि गणपतीच्या आधी करून घ्यायचंय कारण मांडव तिथेच पडतो.